बडोद्याचें बालग्रंथालय व त्याचें मूळ

बडोदें संस्थानांतील ग्रंथालय-चळवळीचा विचार करतांना अभ्यासकांचें लक्ष बहुधा वर्गीकरण, सूची आणि ग्रंथसंख्या यांकडेच जातें. इ. स. १९१० मध्यें श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेंतून विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांस आणविलें. लक्ष्मीविलास राजवाड्यांतील सुमारें २०,००० ग्रंथांच्या संग्रहापासून मध्यवर्ती ग्रंथालय उभें राहिलें. १९१३ मध्यें बॉर्डन स्वदेशीं परतले. हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ग्रंथालयांत मुलांसाठीं निराळें दालन होतें, तेथें पुस्तकांच्या जोडीला चित्रें व बैठे खेळ ठेविलेले होते, आणि निरक्षरांसाठीं जादूचा कंदील व सिनेमॅटोग्राफ बाळगणारी एक स्वतंत्र शाखा होती, ही गोष्ट तळटीपेपुरतीच उरली आहे. आमच्या मतें या चळवळीचें मर्म त्या तळटीपेंतच आहे.

ग्रंथालयानें मुलांस व त्यांच्या घरच्या माणसांस ऋतुमान पाहून बोलवावें, ही कल्पना मूळची कोठची? बॉर्डन हे कनेक्टिकट या अमेरिकेंतील छोट्याशा संस्थानांतले. न्यू हेवन येथील ग्रंथालयाचे ते ग्रंथपाल होते. तेथून चाळीस मैलांच्या आंत हार्टफर्ड शहर आहे. तेथें कॅरोलाइन ह्यूइन्स या बाई १८७५ पासून ग्रंथपालाचें काम पाहत होत्या. मुलामुलींस चांगल्या वाचनाची गोडी लागावी म्हणून आपण काय करतां, असा प्रश्न त्यांनीं १८८२ मध्यें पंचवीस ग्रंथालयांस पत्रानें विचारला. त्याच वर्षीं त्यांनीं मुलांसाठीं निवडक पुस्तकांची यादीहि छापली. पुढें उन्हाळ्याच्या सुट्टींत शाळा बंद पडल्या कीं, मुलांस जमवून पुस्तकांविषयीं गोष्टी सांगण्याचा प्रघात त्यांनीं पाडला. नववर्षाच्या दिवशीं तर ग्रंथालयांत बाहुल्यांचा स्वागतसमारंभ होई! हार्टफर्ड येथें मुलांची स्वतंत्र खोली मात्र १९०४ मध्यें झाली. म्हणजे मुलें आधीं आलीं व खोली मागाहून. एवढ्या लहान संस्थानांत एकाच व्यवसायांतल्या दोन व्यक्तींस परस्परांचें कार्य ठाऊक नसावें, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

तथापि एवढ्यावरून बडोद्याची बालशाखा ही अमेरिकेची नक्कल होती असें ठरविणें चुकीचें होईल. दोहोंकडील गरजच निराळी होती. हार्टफर्डच्या मुलास वाचतां येत होतें. प्रश्न त्याच्या दोन महिन्यांच्या सुट्टीचा होता. बडोद्यांत सक्तीचें व मोफत शिक्षण १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत प्रयोगादाखल व १९०६ मध्यें संस्थानभर सुरू झालें. शाळा सुटल्यावर हातीं पुस्तक न पडल्यास शिकलेलें सारें चार-दोन वर्षांत पुसलें जाईल, ही धास्ती ग्रंथालय-खात्याच्या मुळाशीं होती. तिकडे एका ऋतूची सुट्टी, इकडे उभ्या जन्माची! शिवाय भूमि अगदींच नांगरलेली नव्हती असें नाहीं. मोतीभाई अमीन या शिक्षकानें बॉर्डनसाहेब येण्यापूर्वींच मित्रमंडळांच्या द्वारें गुजरातच्या गांवांत वाचनाचा उद्योग आरंभिला होता, आणि पुढें तेच या खात्याचे आधारस्तंभ झाले. गांवानें वर्गणीनें एक भाग उभा करावा, प्रांत-पंचायतीनें एक व सरकारनें एक द्यावा, ही ग्रामग्रंथालयाची योजना तर अमेरिकन नव्हे. फिरत्या ग्रंथालयाच्या लांकडी पेट्या सरकारी खर्चानें खेड्यांत जात व परत येत.

ऋतूचा प्रश्न येथें ध्यानांत घ्यावा लागतो. कंदिलाचे व सिनेमाचे खेळ खेडोपाडीं उघड्या आकाशाखालीं होत. ज्यानें चरोतरांतील वा कडी प्रांतांतील पावसाळ्याचे रस्ते पाहिले आहेत, त्यास हे खेळ चातुर्मासांत होत नसावेत हें सांगावयास नको. अर्थात् दिवाळीपासून मृगापर्यंतच त्यांचा हंगाम, असें आमचें अनुमान आहे. आणि उघड्या मैदानांतल्या पडद्यापुढें वयाप्रमाणें निवड करतां येत नाहीं. आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारें घर येणार. ग्रंथालयांत स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं वेगळीं दालनें काढावीं लागलीं. पडद्यापुढें तो भेद आपोआप मिटे.

दुसरी अडचण भाषेची. राज्यकर्ते व पुष्कळसे अधिकारी मराठी, प्रजा बहुतांशीं गुजराती. १९१२ मध्यें निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या त्रैमासिकास इंग्रजी, गुजराती व मराठी असे तीन विभाग होते. मुलांच्या फडताळाची स्थिति याहून बिकट. वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ मासिक १९०६ मध्यें सुरू झालें होतें खरें, पण त्या काळीं मराठी मुलाच्या योग्यतेचीं पुस्तकें मोजकींच होतीं. दालनांतील चित्रें व खेळ हे केवळ नव्या शिक्षणशास्त्राचें फळ नसून पुस्तकांच्या दुष्काळावरचा उपायहि असले पाहिजेत.

जनार्दन सखाराम कुडाळकर यांचें या चळवळीवरील पुस्तक १९१९ मध्यें व न्यूटन मोहन दत्त यांचें १९२८ मध्यें प्रसिद्ध झालें. दोन्ही इंग्रजींत, व दोन्ही खात्यांतील अधिकाऱ्यांचीं. त्या पडद्यापुढें बसलेल्यांची बाजू त्यांत येणें शक्य नव्हतें. बडोद्याच्या ज्या घरांत त्या काळच्या रोजनिशा, खेळांचीं हस्तपत्रकें किंवा मुलांच्या दालनाचीं सभासदपत्रें जुन्या दप्तरांत पडलीं असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां मंडळाकडे नकलेसाठीं धाडावींत, अशी आमची विनंती आहे.