नाव आधी, वादळ मागून

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर किंवा मिरकरवाड्यात जुन्या माणसांशी बोलत बसलं, की ‘फयानच्या आधी’ आणि ‘फयाननंतर’ असा काळाचा हिशेब कानावर येतो. शब्द इतका मुरलाय की ‘भयाण’चा सख्खा भाऊ वाटावा. प्रत्यक्षात तो म्यानमारने दिलेला. ११ नोव्हेंबर २००९ ला हा किनारा झोडपत वर सरकलेल्या आणि अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलेल्या वादळाच्या वाट्याला तो आला, कारण यादीत त्याचा नंबर होता.

अशी यादी येण्याआधी आपल्या किनाऱ्यावर वादळाला नाव नसे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. लोकांच्या तोंडी राहिलं ते बोटीचं नाव. बंदरावर असायचा नुसता आकडा: तीन नंबरचा बावटा लागला की होड्या खाडीत. बावटा धोका सांगतो, पण कुठल्या वादळाचा ते सांगत नाही. समुद्रात एकाच वेळी दोन वादळं घोंघावत असली तर रेडिओवर ऐकणाऱ्याने काय समजायचं?

नावाची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात निघाली. क्वीन्सलँडचे हवामानतज्ज्ञ क्लेमंट रॅग यांनी ग्रीक अक्षरांपासून सुरुवात केली आणि पुढे नावडत्या राजकारण्यांची नावंही वादळांना दिली. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं, दोन्ही कामं एका दमात. आपल्या बाजूला मात्र २००० साली मस्कतच्या बैठकीत आठ देशांचं एकमत झालं. प्रत्येकाने आठ नावं दिली, चौसष्टांची यादी झाली. त्यातलं पहिलं, बांगलादेशचं ‘ओनिल’, २००४ मध्ये अरबी समुद्रातच वापरलं गेलं.

संगणकवाल्यांनाही ही खोड आहे, आणि तिचं कारण ऐकण्यासारखं आहे. डेबियन ही फुकट वाटली जाणारी, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून उभी केलेली प्रणाली. १९९५ मध्ये एका सीडीविक्रेत्याने तिची अर्धीकच्ची आवृत्ती ‘१.०’ म्हणून बाजारात आणली. मंडळींनी तो आकडाच सोडून दिला, १९९६ मध्ये थेट १.१ काढली आणि तिला ‘टॉय स्टोरी’तल्या बझचं नाव दिलं. त्यांच्यातले ब्रूस पेरेन्स तेव्हा तो सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्येच नोकरीला होते. आकडा दिसला की लोक माल तयार आहे असं धरून चालतात. बझ म्हटल्यावर तसं होत नाही. उबुंटू या अशाच दुसऱ्या प्रणालीचं पहिलं नाव तर सिडनीच्या फेरीबोटीवरच्या थट्टेतून आलं. सहा महिन्यांत घाईने काढायची आवृत्ती, मग ती चामखिळी असलेलं रानडुक्करच असणार! तिथे निदान पोराचं रूप बघून नाव पडलं. वादळाचं नाव वर्षानुवर्षं आधी ठरून बसलेलं असतं.

एप्रिल २०२० मध्ये नवी यादी आली: तेरा देश, प्रत्येकी तेरा, एकूण १६९ नावं. नाव इंग्रजीत आठ अक्षरांहून मोठं नको. धर्म, राजकारण, लिंग यांपासून अलिप्त हवं. एकदा वापरलं की पुन्हा नाही. हे शहाणपण ठेच लागूनही आलं असावं. २०१३ मध्ये श्रीलंकेने दिलेल्या ‘महासेन’ नावावर खुद्द श्रीलंकेतच ओरड झाली, कारण महासेन त्यांचा राजा. वादळाचं नाव बदलून ‘वियारू’ करावं लागलं.

देशांचा क्रम इंग्रजी अक्षरांप्रमाणे, म्हणून नव्या यादीत पहिला मान पुन्हा बांगलादेशचा. त्यांचं ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला आपल्याकडे आलं. दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या, मिऱ्याच्या किनाऱ्याला ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन रुतलं. नाव बंगाली, पण मराठीतही तोच अर्थ. त्यामुळे ‘निसर्गाने झोडपलं’ म्हटलं की कुठल्या निसर्गाने, हे विचारावं लागे.

पुढच्या मे महिन्यात म्यानमारचं नाव आलं. त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणारी पाल. उच्चार ‘ताउते’च्या जवळचा, पण इंग्रजी स्पेलिंगमधला ‘के’ वाचून आपण त्याचं ‘तौक्ते’ केलं आणि ते तसंच रूढ झालं. यादीत प्रत्येक नावासमोर उच्चाराचा रकाना आहे. पुढचं वादळ उठलं की बातमी लिहिणाऱ्यांनी तेवढा एकदा बघून घ्यावा.