ईस्ट न्यूक

ईस्ट न्यूक हा स्कॉटलंडच्या फाइफ परगण्याचा आग्नेय दिशेचा किनारी भाग आहे. फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या उत्तर काठावर वसलेल्या जुन्या मच्छीमार गावांसाठी तो प्रसिद्ध आहे. ईली व अर्ल्सफेरी, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रदर, सेलरडाइक आणि क्रेल ही येथील प्रमुख गावे होत. स्कॉट्स भाषेत ‘न्यूक’ म्हणजे कोपरा. त्यावरून ‘पूर्वेचा कोपरा’ असे हे नाव पडले. हेरिंग मासेमारीचा इतिहास, लाल कौलारू घरे, भिंतबंद बागा आणि उन्हाळ्यात या घरांच्या व बागांच्या आश्रयाने राहणारे पक्षी ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये आहेत.

भूगोल व हवामान

फाइफचे द्वीपकल्प उत्तरेस टे व दक्षिणेस फोर्थ या दोन खाड्यांच्या मध्ये आहे. त्याच्या दक्षिण-पूर्व टोकाला ईस्ट न्यूकची गावे एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरावर किनाऱ्यालगत ओळीने वसली आहेत. गावांच्या मागे सुपीक शेतजमीन, तर पुढे खडकाळ किनारा आणि लहान बंदरे अशी येथील रचना आहे. अंतर्भाग गरीब व किनारा संपन्न असलेल्या जुन्या फाइफचे वर्णन ‘सोन्याची किनार लावलेला भिकाऱ्याचा झगा’ असे केले जाई. ही उक्ती जेम्स नावाच्या एका स्कॉटिश राजाच्या तोंडी घातली जाते.

जूनच्या उत्तरार्धात येथे सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सुमारे साडेसतरा तासांच्या या दिवसामुळे पिलांना भरवणाऱ्या पक्ष्यांना अन्न शोधण्यास भरपूर वेळ मिळतो. वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या आरंभी थंड समुद्रावरून दाट धुके किनाऱ्यावर येते. त्याला स्थानिक भाषेत ‘हार’ म्हणतात. असे धुके पसरले की हवेत उडणारे कीटक कमी होतात आणि त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना अन्नासाठी आत, शेतांकडे जावे लागते.

इतिहास

मध्ययुगापासून या गावांचा व्यापार उत्तर समुद्रापलीकडील नेदरलँड्स व बाल्टिक प्रदेशातील बंदरांशी होता. मीठ, खारवलेले मासे, कोळसा व लोकर येथून जात असे. रॉबर्ट द ब्रूस या राजाने १३१० मध्ये क्रेलला शाही नगराची सनद दिली. पिटनवीमला हा दर्जा १५४१ मध्ये पाचव्या जेम्सच्या काळात मिळाला. सेंट मोनन्स येथील चर्च चौदाव्या शतकात दुसऱ्या डेव्हिड राजाने बांधवले. ते समुद्राच्या इतके जवळ आहे की वादळात लाटांचे तुषार त्याच्या आवाराच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. याच गावाजवळ अठराव्या शतकातील मिठागरांचे अवशेष आणि खारे पाणी उपसण्यासाठी वापरली जाणारी पवनचक्की आहे.

अँस्ट्रदरपर्यंत रेल्वे १८६३ मध्ये आली आणि ताजी मासळी दूरच्या बाजारांत पाठवणे शक्य झाले. हा किनारी रेल्वेमार्ग १९६५ मध्ये बंद करण्यात आला.

मासेमारीचा वारसा

हेरिंगचा हंगाम

तारलीशी नाते असलेला हेरिंग हा मासा येथील अर्थव्यवस्थेचा कणा होता. फोर्थच्या खाडीत वर्षातून दोन हंगाम चालत. ऑगस्टमधील लॅमस सणाच्या सुमारास होणाऱ्या उन्हाळी मोहिमेला ‘लॅमस ड्रेव्ह’ म्हणत, तर दुसरा हंगाम वर्षाच्या आरंभी, हिवाळ्यात येई. हेरिंगचे थवे रात्री पृष्ठभागाजवळ येतात. त्यामुळे संध्याकाळी जाळी पाण्यात पडद्याप्रमाणे उभी सोडली जात, होडी त्यांच्यासह प्रवाहाबरोबर वाहू दिली जाई आणि पहाटे जाळी ओढून घेतली जात. मासळी ‘क्रॅन’ या मापाने मोजत. एक क्रॅन म्हणजे सुमारे १७० लिटर आकारमान. त्यात साधारणतः हजार ते बाराशे मासे मावत.

स्कॉटलंडच्या हेरिंग व्यवसायाने १९०७ मध्ये कळस गाठला. त्या वर्षी सुमारे २५ लाख पिंपे खारवलेली मासळी तयार होऊन प्रामुख्याने जर्मनी, पूर्व युरोप व रशियाकडे रवाना झाली. पहिल्या महायुद्धाने या बाजारपेठा मोडल्या आणि व्यवसायाला उतरती कळा लागली. फोर्थमधील हिवाळी हेरिंग १९४० च्या दशकात जवळजवळ नाहीसे झाले. पुढे अतिमासेमारीमुळे साठा धोक्यात आल्याने १९७७ मध्ये संपूर्ण उत्तर समुद्रातील हेरिंग मासेमारीवर बंदी घालावी लागली. ती १९८० च्या दशकाच्या आरंभी उठवण्यात आली.

नौका

१८४८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या वादळात स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे शंभर मच्छीमार बुडाले. त्यानंतर सरकारने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात, उघड्या होड्यांऐवजी वरून फळ्यांनी बंद केलेल्या नौका वापराव्यात आणि भरती-ओहोटीच्या कोणत्याही वेळी प्रवेश करता येईल अशी बंदरे बांधावीत, अशी शिफारस होती. ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या ईस्ट न्यूकच्या बंदरांना हा प्रश्न विशेष जाचत असे.

या परगण्याच्या नावावरून ओळखली जाणारी ‘फायफी’ ही नौका पुढच्या व मागच्या अशा दोन्ही टोकांना जवळजवळ सरळ उभी असे. १८७९ मध्ये लॉसीमाउथ येथे ‘झुलू’ हा नवा प्रकार तयार झाला. त्यात फायफीची उभी नाळ कायम ठेवून मागचे टोक तिरके करण्यात आले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत चाललेल्या युद्धावरून त्याला हे नाव मिळाले. सेंट मोनन्स हे नौकाबांधणीचे जुने केंद्र होते. तेथील मिलर कुटुंबाचा कारखाना अठराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला.

स्त्रियांचे श्रम

समुद्रावर पुरुष जात असले तरी व्यवसायाचा मोठा भार स्त्रियांवर होता. गळांना आमिष लावणे, जाळी दुरुस्त करणे आणि मासळी विकणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करीत. ‘हेरिंग मुली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगार स्त्रिया तिघींच्या गटाने काम करीत: दोघी माशाची आतडी काढून तो साफ करीत आणि तिसरी मिठाच्या थरांत मासे पिंपात रचून भरी. सुरी आणि मीठ यांपासून बचावासाठी त्या बोटांना चिंध्या गुंडाळत. मासळीच्या हंगामामागे त्या शेटलंडपासून इंग्लंडमधील ग्रेट यारमथपर्यंत प्रवास करीत.

लोकसमजुती

समुद्रावर काही शब्द उच्चारणे अशुभ मानले जाई. डुक्कर, सॅमन मासा व धर्मोपदेशक यांची नावे टाळून त्यांच्यासाठी पर्यायी शब्द वापरले जात. चुकून असा शब्द निघाल्यास ‘थंड लोखंड’ म्हणत जवळच्या लोखंडी वस्तूला हात लावण्याची प्रथा होती.

वास्तुरचना व बागा

गावांतील जुनी घरे दगडी असून त्यांच्या त्रिकोणी भिंतींच्या कडा पायऱ्यांसारख्या चढत जातात. अनेक घरांना बाहेरून दगडी जिना असतो. वरच्या मजल्यावर कुटुंब राही आणि खाली जाळी व इतर सामान ठेवले जाई. छपरांवरील नागमोडी लाल कौले नेदरलँड्सशी असलेल्या व्यापारातून येथे रुजली. विसाव्या शतकाच्या मध्यास यांतील अनेक घरे मोडकळीस आली होती. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने १९६० मध्ये ‘लिटल हाउसेस’ योजना सुरू केली. तिच्यानुसार जुनी घरे विकत घेऊन दुरुस्त केली जात, जतनाच्या अटींसह पुन्हा विकली जात आणि त्या पैशातून पुढची घरे घेतली जात. पिटनवीम, क्रेल इत्यादी गावांचे आजचे रूप टिकण्यात या योजनेचा मोठा वाटा आहे.

समुद्रावरील खाऱ्या वाऱ्यापासून झाडे वाचवण्यासाठी येथे उंच भिंतींच्या आड बाग करण्याची परंपरा आहे. पिटनवीमजवळील केली कॅसल हा वाडा १८७८ पासून लॉरिमर कुटुंबाकडे भाडेपट्ट्याने होता. पुढे नामांकित झालेले वास्तुविशारद रॉबर्ट लॉरिमर यांचे बालपण येथे गेले आणि तेथील बागेच्या रचनेवर त्यांचा ठसा आहे. हा वाडा १९७० पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. किंग्जबार्न्सजवळील कॅम्बो येथील भिंतबंद बागही प्रसिद्ध आहे. सेंट मोनन्सच्या बंदरावर मच्छीमारांच्या रबरी बुटांत फुलझाडे लावून केलेली छोटी बाग पर्यटकांचे आकर्षण ठरली आहे.

उन्हाळ्यातील बागेतले पक्षी

स्थायिक पक्षी

चिमणी हा गावांतील सर्वांत परिचित पक्षी असून भारतात आढळणारी चिमणी याच जातीची आहे. कस्तुराच्या कुळातील ब्लॅकबर्ड व साँग थ्रश, तसेच युरोपीय रॉबिन, रेन, डनॉक आणि ब्लू टिट हे बागांत वर्षभर राहतात. ब्लॅकबर्डचे संथ, बासरीसारखे गाणे उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरापर्यंत छपरांवरून ऐकू येते. गोल्डफिंच हा रंगीत पक्षी काटेरी झाडांच्या बिया खातो. साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग कौलांखालच्या पोकळीत घरटे करतो, तर कावळ्याच्या कुळातील जॅकडॉ धुराड्यांत काटक्या भरून वीण करतो. बंदराच्या धक्क्यावर शेपटी हलवत फिरणारा काळा-पांढरा पक्षी हा पांढऱ्या धोब्याचीच ब्रिटिश उपजात आहे. भारतातही आढळणारा, मानेवर काळी रेघ असलेला होला विसाव्या शतकात युरोपभर पसरला. ब्रिटनमध्ये त्याची पहिली वीण १९५५ मध्ये नोंदवली गेली.

उन्हाळी पाहुणे

माळभिंगरी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून येते आणि गोठ्यांत, पडव्यांत चिखलाचे घरटे बांधते. तिच्याच कुळातील हाउस मार्टिन घराबाहेर, वळचणीखाली चिखलाच्या गोळ्यांची वाटी तयार करते. पाकोळी मे महिन्यात सर्वांत उशिरा येते आणि ऑगस्टमध्ये सर्वांत आधी निघून जाते. ती अन्न, झोप व मीलनही हवेतच उरकते आणि केवळ विणीसाठी भिंतीतील किंवा कौलांखालील फटींत उतरते.

पाकोळीची जोडी वर्षानुवर्षे त्याच फटीत परतते. त्यामुळे जुन्या घरांची दुरुस्ती हा तिच्यासाठी नाजूक प्रश्न ठरतो. छप्पर व्यवस्थित बंद झाले की घर टिकते. मात्र घरट्याची जागा नाहीशी होते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पाकोळ्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. पाकोळी, हाउस मार्टिन व ग्रीनफिंच यांचा २०२१ मध्ये ब्रिटनच्या पक्ष्यांच्या धोकासूचक लाल यादीत समावेश झाला. चिमणी व स्टार्लिंग त्या यादीत आधीपासूनच आहेत. दुरुस्तीच्या वेळी जुन्या फटी मोकळ्या ठेवणे, विणीच्या काळात काम टाळणे आणि भिंतीत पोकळ विटा बसवणे हे उपाय सुचवले जातात. ग्रीनफिंचच्या घटीमागे २००५ पासून पसरलेला, परजीवीमुळे होणारा एक रोग आहे. तो दाणापाण्याच्या ठिकाणी पसरत असल्याने बागेतील भांडी नियमित धुण्याचा सल्ला दिला जातो.

हेरिंग कुरव

मच्छीमार गाव आणि बाग यांना जोडणारा पक्षी म्हणजे हेरिंग कुरव. माशांच्या टाकाऊ भागांवर पोसलेला हा मोठा कुरव आता घरांच्या छपरांवरही वीण करतो. उन्हाळ्यात तो पर्यटकांच्या हातातील खाद्य पळवतो आणि पिलांजवळ गेल्यास माणसांवर झेप घेतो. त्यामुळे त्याच्याविषयी तक्रारी असतात. प्रत्यक्षात ब्रिटनमधील त्याची संख्या घटली असून तोही लाल यादीत आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवान्याशिवाय त्याला मारणे किंवा त्याचे वापरातील घरटे काढणे हा गुन्हा आहे.

आइल ऑफ मे व पक्षी-अभ्यास

अँस्ट्रदरपासून सुमारे आठ किलोमीटरवर फोर्थच्या मुखाशी आइल ऑफ मे हे बेट आहे. स्कॉटलंडमधील पहिले दीपगृह १६३६ मध्ये येथे उभारले गेले. त्यात कोळसा जाळत. सध्याचे दीपगृह रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८१६ मध्ये बांधले. १९५६ पासून हे बेट राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. उन्हाळ्यात येथे पफिन, गिलमॉट, किटिवेक व सुरय यांच्या मोठ्या वसाहती असतात.

फाइफमधील लार्गो परिसरातील एव्हलिन बॅक्स्टर आणि लिओनोरा रिंटूल या दोन मैत्रिणींनी १९०७ पासून या बेटावर स्थलांतराचा अभ्यास केला. वारा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना त्यांच्या मार्गावरून कसा भरकटवतो, याविषयीचे त्यांचे विवेचन महत्त्वाचे मानले जाते. ‘द बर्ड्स ऑफ स्कॉटलंड’ हा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेटावरील पक्षी-निरीक्षण केंद्र १९३४ मध्ये स्थापन झाले.

पफिन व किटिवेक आपल्या पिलांना मुख्यतः सँडईल हे बारीक मासे भरवतात. त्यांच्या मासेमारीवर पूर्व स्कॉटलंडच्या समुद्रात २००० मध्ये आणि सर्व स्कॉटिश समुद्रात २०२४ मध्ये बंदी घालण्यात आली.

सद्यस्थिती

पिटनवीम हे आता ईस्ट न्यूकचे प्रमुख मासेमारी बंदर असून तेथे मुख्यतः नॉर्वे शेवंड, शेवंड व खेकडे उतरतात. अन्य बंदरांत लहान मासेमारी होड्यांबरोबर सहलीच्या नौका असतात. पर्यटनाने उत्पन्न आणले. परंतु अनेक जुनी घरे सुट्टीपुरती वापरली जात असल्याने स्थानिक कुटुंबांना घर मिळणे कठीण झाले आहे.

अँस्ट्रदर येथील स्कॉटिश फिशरीज म्युझियम १९६९ मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ‘रीपर’ ही फायफी त्याच्या संग्रहात आहे. या संग्रहालयाच्या पुढाकाराने २००९ मध्ये ‘सेंट एल्स स्किफ’ या वल्ह्यांच्या नौकेचा प्रकल्प सुरू झाला. आयन ऑटरेड यांनी आखलेली ही नौका गावकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन बांधावी, अशी कल्पना होती. पुढे तिचा प्रसार स्कॉटलंडबाहेरही झाला. फाइफ किनारी पदपथ या सर्व गावांतून जातो. पिटनवीम येथे दरवर्षी ऑगस्टमध्ये कला महोत्सव भरतो आणि त्यात घरे व बागा प्रदर्शनांसाठी खुल्या केल्या जातात.

हे सुद्धा पहा

फाइफ
फर्थ ऑफ फोर्थ
आइल ऑफ मे
हेरिंग
पाकोळी
हेरिंग कुरव