शीतोपचाराचीं जुनीं साधनें : शमन आणि दहन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत, नगराहून सोलापुरास जाणाऱ्या वाटेवर मिरजगांव वसलें आहे. हा मुलूख अवर्षणाचा. पाणी जपून वापरणें आणि उन्हाळ्यांत तें गार राखणें हा येथील प्रपंचाचा नित्याचा भाग होय. माठ, ओलें फडकें, वाळू आणि शिंकें हीं त्याचीं साधनें. उलटपक्षीं, द्रवरूप नत्रवायूनें चामखीळ गोठवून काढणारीं उपकरणें आज त्वचारोगांच्या दवाखान्यांत वापरलीं जातात. तीं पाहून ‘हें सर्व आमच्या वैद्यकांत पूर्वींच होतें’ असें म्हणणारे आढळतात; तसेच ‘थंडीचा उपचार ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी’ असें म्हणणारेहि आढळतात. दोन्ही विधानें पुराव्यास उतरत नाहींत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनें पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील ४५ व्या अध्यायांत पाणी थंड करण्याचे सात प्रकार मोजून दिले आहेत. वाऱ्यांत ठेवणें, पाण्याचें प्रक्षेपण, काठीनें ढवळणें, पंख्यानें वारा घालणें, वस्त्राचा उपयोग, वाळूचा उपयोग आणि शिक्यांत टांगणें, असे ते प्रकार होत. यांतील ‘शिक्य’ म्हणजेच आपलें शिंकें. शब्द आणि वस्तु या दोन्ही एवढ्या काळानंतरहि घरांत टिकून राहिल्याचें हें चांगलें उदाहरण आहे. यांपैकीं बहुतेक प्रकारांचें मर्म एकच : पाण्याची वाफ होतांना उष्णता निघून जाते. मात्र या मार्गानें पाणी गार होतें, दख्खनच्या उन्हाळ्यांत तें गोठत नाहीं.

याहून पुढचें साधन सोऱ्याचें. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त तें वर्णिलें आहे. अडीच शेर सोरा पांच शेर पाण्यांत घालावा आणि त्यांत शेरभर पाण्याची बंद सुरई सुमारें पाव तास फिरवीत राहावी. जो पदार्थ बंदुकीच्या दारूंत आग उसळवितो तोच येथें पाणी निववितो, याचें ग्रंथकारासहि नवल वाटलें आहे. तथापि हीहि थंडी पिण्याच्या पाण्यापुरतीच. शिवाय सोऱ्याचा मुख्य खप दारूखान्याकडे असल्यामुळें, जुन्या जमाखर्चांत ‘सोरा’ हा शब्द दिसला म्हणजे तो आबदारखान्याचाच समजणें धोक्याचें आहे.

आतां या थंडीचा त्वचेवर उपयोग कसा होई तें पाहूं. चरकाच्या चिकित्सास्थानांत विसर्पावर शतधौत घृताचा, म्हणजे शंभर वेळां पाण्यांत धुतलेल्या तुपाचा लेप सांगितला आहे. सुश्रुतानें जळवा लावल्यानंतर त्या जागीं हेंच तूप व थंड पाण्याचा शिडकावा सांगितला आहे. येथें थंडीचें काम शमनाचें : दाह उतरविणें, लाली कमी करणें.

परंतु जुने ग्रंथकार थंडीचे अंध भक्त नव्हते. सूत्रस्थानाच्या १२ व्या अध्यायांत भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार केले आहेत. पैकीं प्लुष्टावर थंड पाण्याची मनाई असून उलट शेक सांगितला आहे. दुर्दग्धावर मात्र थंड व ऊन असे दोन्ही उपचार येतात. आजचें वैद्यक हा शेक मानीत नाहीं. भाजल्यावर सुमारें वीस मिनिटें वाहतें गार पाणी घ्यावें, पण बर्फ थेट लावूं नये, असा आजचा नियम आहे. म्हणजे सुश्रुताचें उत्तर जुनें झालें. परंतु कोणत्या त्वचेवर किती थंडी, हा त्याचा प्रश्न जुना झाला नाहीं.

दुसरें उदाहरण शीतपित्ताचें. नांवावरून हा विकार थंडीनें निवत असेल असें वाटतें. प्रत्यक्षांत माधवनिदानांत थंड वाऱ्याचा स्पर्श हेंच त्याचें कारण दिलें आहे. अंगावर गांधी उठतांच सरसकट बर्फ चोळणारानें हें ध्यानांत ठेवावें. कारण थंडीच्याच स्पर्शानें गांधी उठणारे रोगी आजच्या वैद्यासहि ठाऊक आहेत.

येथवर शमन झालें. चामखीळ गोठविणारी थंडी शमन करीत नाहीं. ती मांस मारते. तिचा पूर्वज शोधावयाचा तर शीत लेपाकडे नव्हे, अग्निकर्म आणि क्षारकर्म यांकडे पाहिलें पाहिजे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील २० व्या अध्यायांत चर्मकील, मशक, तिलकालक इत्यादि शस्त्रानें काढून ती जागा क्षारानें वा अग्नीनें जाळण्यास सांगितलें आहे. आपला ‘चामखीळ’ हा शब्द या चर्मकीलाचाच वंशज. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, पूर्वोक्त १२ व्या अध्यायांतच थंडीनें व गार वाऱ्यानें ‘दग्ध’ झालेल्यावर स्निग्ध व उष्ण उपचार सांगितला आहे. थंडी जाळते, हें ज्ञान होतें. त्या जाळण्यास उपचार बनविण्याचें साधन मात्र या ग्रंथांत नाहीं.

तें साधन बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणानें आलें. इंग्लंडांत ब्रायटन येथील जेम्स आर्नट यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा उपयोग कर्करोगाच्या गांठींवर केला. या मिश्रणाची थंडी उणे २० अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाते. हिंदुस्थानांत अमेरिकेचा बर्फ १८३३ सालीं कलकत्त्यास उतरला आणि लवकरच मुंबईसहि येऊं लागला. पण तो श्रीमंतांच्या मेजवानीचा पदार्थ होता. पुढें न्यूयॉर्क येथें कॅम्पबेल व्हाइट यानें १८९९ सालीं द्रवरूप हवा, शिकागो येथें विल्यम पुसी यानें १९०७ सालीं कर्बवायूचें हिम आणि एच. व्ही. ॲलिंग्टन यानें १९५० सालीं उणे १९६ अंशांचा द्रवरूप नत्रवायु त्वचेवर वापरला. हातांत धरून फवारा मारण्याचीं उपकरणें त्यानंतरच्या वीस वर्षांत रूढ झालीं.

येथें आपल्या लोकांच्या दृष्टीनें एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. त्वचेस रंग देणाऱ्या पेशी इतर पेशींच्या मानानें फार थोड्या थंडीनें, उणे ४ ते ७ अंशांच्या सुमारास, मरूं लागतात. म्हणून सांवळ्या अंगावर चामखीळ गेली तरी मागें पांढरा डाग राहूं शकतो. ज्या समाजांत पांढऱ्या डागास कोड समजून लग्नें अडतात, तेथें हा डाग केवळ त्वचेपुरता राहत नाहीं. थंडीचें माप चुकतां कामा नये, हा जुना इशारा येथें नव्या रूपानें उभा राहतो.

जुन्या पोथ्या व बाडें जमविणारांस एवढीच विनंति कीं, वैद्यकीच्या कागदांत ‘थंड लावणें’ असा मजकूर आढळल्यास विकार कोणता, साधन कोणतें आणि हेतु शमनाचा कीं दहनाचा, हीं तिन्हीं नोंदवावीं. त्यावांचून केलेला प्राचीनत्वाचा दावा टिकाव धरणार नाहीं, आणि खरें प्राचीन असेल तेंहि त्याबरोबर वाहून जाईल.