परिघीय रोहिणीविकार व बिंबाणुरोधक औषधे : एक ऐतिहासिक टिपण

वऱ्हाडातील धामणगाव रेल्वे ही भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील कापसाची बाजारपेठ होय. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलेल्या या मार्गालगतच्या गावांत शेतकरी व हमाल यांची उपजीविका आजही पायांवर अवलंबून आहे. थोडे चालताच पोटरी दुखावी आणि थांबताच वेदना शमावी, हे लक्षण अशा माणसाच्या रोजगारावरच घाला घालते. वय वा कष्ट यांचा परिणाम म्हणून त्याकडे दुर्लक्षही सहज होते.

पायाची रोहिणी अरुंद झाल्याने येणारे हे लंगडणे प्रथम घोड्यात वर्णिले गेले. फ्रेंच पशुवैद्य बुले यांनी १८३१ मध्ये ते नोंदविले व १८५८ मध्ये शार्को यांनी मनुष्यात ओळखले. रक्त गोठविण्यातील बिंबाणूंचे कार्य १८८२ मध्ये बिझोझेरो यांनी दाखविले. ॲस्पिरिन मात्र दीर्घकाळ केवळ वेदनाशामक मानले गेले. ते प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. तेव्हा बिंबाणूंवरील त्याच्या परिणामाचा उलगडा होऊ लागला.

१९९६ च्या ‘कॅप्री’ चाचणीत १९,१८५ रुग्णांवर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांची तुलना झाली. त्यांपैकी परिघीय विकाराच्या ६,४५२ रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व रक्तवाहिनीविकारजन्य मृत्यू यांचे एकत्रित वार्षिक प्रमाण अनुक्रमे ४.८६ व ३.७१ टक्के आढळले. हा निष्कर्ष एका उपगटाचा आहे, हे विसरता येत नाही. तसेच मोजलेले फल चालण्याचे अंतर नव्हते. पायाच्या दुखण्यावरून दिली जाणारी ही गोळी मुख्यतः हृदय व मेंदू यांचे रक्षण करते. लक्षणेच नसलेल्या मधुमेही रुग्णांत ॲस्पिरिनचा लाभ २००८ च्या स्कॉटलंडमधील चाचणीत दिसला नाही. रक्तस्रावाचा धोका मात्र अशा औषधांत असतोच.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर निर्मितिप्रक्रियेवरच पेटंट मान्य केले. २००५ पर्यंत टिकलेल्या या व्यवस्थेमुळे क्लोपिडोग्रेलसारखी औषधे देशी कारखान्यांत बनू लागली व स्वस्त झाली. तथापि औषध स्वस्त झाल्याने निदान आपोआप होत नाही. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर ०.९० वा त्याहून कमी आल्यास विकार ओळखता येतो. त्यानंतरही तंबाखू सोडणे व नियमित चालणे यांची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही.