पागेचे पाणी : मराठा घोडदळातील अश्वांच्या दैनंदिन निगेचा विचार

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने मोहिमा, लढाया, तह आणि सेनानी यांच्याभोवती झालेले आहे. घोडदळाची चपळता हा या लेखनातील जवळजवळ ठरून गेलेला शब्दप्रयोग होय. परंतु ही चपळता ज्या जनावराच्या पायांत होती त्याला रोज पाणी कोण पाजीत होते, त्याच्या तोबऱ्यात चंदी कोण भरीत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गनिमी काव्याचे विवेचन चालू असताना एका शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याने, "एवढ्या घोड्यांना पाणी कुठून आणत असतील?" असे विचारले आणि प्रस्तुत लेखकाला त्या तासाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे.

पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी

कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवकालीन घोडदळाची रचना आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला आणि दहा जुमल्यांवर एक हजारी ही उतरंड सर्वपरिचित आहे. तिच्या लगत आलेल्या एका तपशिलाकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टी सैन्याच्या सर्वांत लहान तुकडीच्या रचनेतच बांधून टाकलेल्या होत्या.

या प्रमाणाचा अर्थ आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. मध्यम बांध्याच्या घोड्याला दिवसाला किमान पंचवीस लिटर पाणी लागते. उन्हात आणि श्रमाच्या दिवसांत ही गरज बरीच वाढते. पंचवीस घोड्यांना ६२५ लिटर, १२५ घोड्यांच्या जुमल्याला ३,१२५ लिटर आणि हजारीच्या १,२५० घोड्यांना ३१,२५० लिटर, असा हा रोजचा हिशेब होतो. बैलाच्या पाठीवरील पखालीतून एका खेपेस सव्वाशे-दीडशे लिटरांहून फार अधिक पाणी नेणे कठीण. तेव्हा एकट्या पखालजीने सर्व पाणी वाहून आणले असेल हे संभवत नाही. शक्य तेथे घोडे नदीवर किंवा तळ्यावर नेले जात असणार आणि पाणवठा दूर असेल, शत्रू जवळ असेल किंवा घोडे ठाणबंद असतील तेव्हा पखाल कामी येत असणार, असे अनुमान करावे लागते. मुक्कामाची जागा निवडताना पाणवठा हा पहिला विचार का असे, हेही यावरून स्पष्ट होते.

पाणी पाजणे हे दिसते तितके सोपे काम नाही. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. दाणा एकदम पोटभर दिल्यास पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेततो. म्हणून आधी पाणी, मग चंदी आणि तीही थोडी थोडी, असा जुन्या मोतद्दारांचा शिरस्ता. त्यानंतर खरारा, खूर कोरून साफ करणे, पाठीवर खोगिराचा घाव पडला आहे काय हे पाहणे. यांतील कोणतेही काम एक दिवस राहिले तर दुसऱ्या दिवशीच्या मजलेवर त्याचा परिणाम दिसे.

बारगीर आणि शिलेदार हा भेदही येथे महत्त्वाचा आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला तर त्याचे भांडवलच बुडाले. निगेसाठी त्याला हुकमाची गरज नव्हती. बारगिराचा घोडा मात्र सरकारी पागेचा. परक्याच्या जनावराची निगा घरच्यासारखी व्हावी यासाठी देखरेख, नेमणूक आणि हिशेब लागतो. पखालजी व नालबंद पागेच्या रचनेत का आले, याचे उत्तर बहुधा येथे आहे.

चिपळूणचे पत्र आणि पावसाळ्याचा प्रश्न

सन १६७४ च्या सुमारास चिपळूण परिसरात छावणी केलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना व कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र रयतेविषयीच्या कळकळीसाठी नेहमी उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते मुळात वैरणीच्या व्यवस्थापनाचे पत्र आहे, हे आपण विसरतो. आज साठा आहे म्हणून दाणा-गवत मन मानेल तसे उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. मग कोणी कुणब्याकडून दाणे आणील, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. आणि रयतेला मोगलांहून आपलेच लोक वाईट वाटू लागतील. पुढे तर आगीविषयीच्या सूचना आहेत : चुली आणि आगट्या कोठेही करू नयेत, तंबाखूसाठी विस्तव गवताजवळ नेऊ नये, रात्री दिवा ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल. राज्यकर्त्याने उंदराचा विचार करावा, याचे पहिल्या वाचनात नवल वाटते. पण गवताच्या गंजीवर पूर्ण पागेचे प्राण अवलंबून होते.

कोकणात पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. दुर्मीळ असते ती कोरडी जागा आणि कोरडे गवत. ओल्या जमिनीवर सतत उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर कुजतात. सभासदाने छावणीच्या वर्णनात दाणा, वैरण आणि औषधे यांबरोबर घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या निवाऱ्याचा उल्लेख केला आहे, त्याचे कारण हेच. दसऱ्याला सैन्य बाहेर पडे, वैशाखात परत येई. दसऱ्याच्या सुमारास नद्यांना उतार पडतो आणि खरिपाचा चारा हाती येऊ लागतो. ज्येष्ठात वाटा चिखलाने बंद होतात. सीमोल्लंघनाच्या प्रथेमागे धार्मिक अर्थ आहेच, पण मोहिमांचे हे पंचांग घोड्याच्या पोटाशीही जुळलेले होते.

हे पंचांग मोडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण पुढील शतकात सापडते. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये परतुडाहून निघाली, तिने तो पावसाळा उत्तरेतच काढला आणि नोव्हेंबरपासून ती पानिपतच्या खंदकाआड अडकून पडली. फिरत्या घोडदळाला रोज नवा चारा मिळतो. एके जागी बसलेले घोडदळ आसपासचे रान काही दिवसांत संपवते. रसद तोडणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांचा डिसेंबरात अंत झाल्यावर कोंडी अधिकच आवळली गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी रणात उतरलेली जनावरे आधीच उपासमारीने खंगलेली होती. पराभवाची कारणे अनेक आहेत आणि त्यांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. तथापि तोफा व डावपेच यांच्या तुलनेत रिकाम्या तोबऱ्याला आपल्या विवेचनात फारच कमी ओळी मिळतात.

बखरीत जुमलेदाराला पाचशे होन आणि हजारीला हजार होन वेतन नोंदले आहे. पखालजी येतो तो केवळ पंचवीसास एक या प्रमाणाने. त्याची पखाल आणि शेतकऱ्याची मोट कातडे कमावून तयार करणारा ढोर समाज तर या वर्णनात कोठेच नाही. त्यांचा माग रणभूमीच्या वर्णनांत लागणार नाही. तो काढण्यासाठी रोजकिर्दी, गावचे बलुत्याचे कागद आणि पागेचे जमाखर्च मोडीतून वाचावे लागतील.