वसई परिसरातील दगडी निवासवास्तू

महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील वसई–विरार परिसरात पोर्तुगीज अंमलात (१५३४–१७३९) रूढ झालेली व पुढे स्थानिक वाडीसंस्कृतीत मिसळून गेलेली गृहबांधणीची परंपरा. येथील किल्ला व चर्चवास्तू यांची बरीच चर्चा झाली असली, तरी शेतमळ्यांतील घरांकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या अखत्यारीतील मुंबईसह लगतची बेटे पोर्तुगिजांना दिली. वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाले. या प्रांतातील गावे ठराविक वार्षिक खंड घेऊन पोर्तुगीज सरदारांना व सैनिकांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली जात. लष्करी सेवेचे बंधनही अशा पट्ट्यांना जोडलेले असे. साहजिकच पट्टेदाराचे मळ्यातील घर हे निवासस्थान, धान्याचे कोठार व प्रसंगी आश्रयस्थान अशा तिन्ही गरजा भागविणारे असावे लागे.

बांधकामाचे साहित्य परिसरातच उपलब्ध होते. काळा बेसाल्ट दगड, शिंपले भाजून केलेला चुना व वसईच्या जहाजबांधणीसही उपयोगी पडणारे सागवान ही त्यांपैकी प्रमुख होत. वसईचा दगड घडाईस उत्तम समजला जाई. गोव्यातील जांभ्या दगडाच्या चर्चवास्तूंमधील कोरीव भागांसाठी तो समुद्रमार्गे नेत. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चचे दर्शनी कोरीवकाम हे त्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रज वैद्य व प्रवासी जॉन फ्रायर याने १६७५ च्या सुमारास वसईतील सरदारांची दुमजली घरे पाहिली. त्यांचे आच्छादित सज्जे आणि काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने बसविलेल्या मोठ्या खिडक्या यांचा त्याने उल्लेख केला आहे. शिंपल्यांतून मंद उजेड आत येई. मात्र ऊन व पावसाचा मारा बाहेरच अडे.

या परंपरेतील सर्वांत परिणामकारक घर वसईत नव्हे, तर मुंबई बेटावर उभे राहिले. वनौषधींचा अभ्यासक गार्सिया द ओर्ता याला हे बेट सु. १५५४ मध्ये पट्ट्याने मिळाले. तेथील बागेने वेढलेल्या मळेघरातच, त्या वेळच्या पट्टेदारीण इनेश द मिरांडा यांच्या निवासस्थानी, १८ फेब्रुवारी १६६५ रोजी बेटाचा ताबा इंग्रजांकडे देण्यात आला. इंग्रजांनी त्या घराभोवती तटबंदी उभारली व मुंबईचा किल्ला आकारास आला. इंग्रजी सत्तेचे पश्चिम किनाऱ्यावरील हे केंद्र अशा रीतीने वसईच्या पट्टेदारी पद्धतीतील एका मळेघरातून वाढले.

चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज सरदारवर्ग निघून गेला. किल्ल्यातील त्यांची घरे ओस पडली. छपरे नाहीशी होऊन नुसत्या भिंती उरल्या. बांधणीची रीत मात्र स्थानिक शेतकऱ्यांच्या घरांत टिकून राहिली. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी इ. समाजांच्या जुन्या घरांत घडीव दगडाचे उंच जोते, पुढील ओटी, सागवानी खांब व तुळया आणि उतरते कौलारू छप्पर ही वैशिष्ट्ये दिसतात. उंच जोत्यामुळे मुसळधार पावसातही घराचा तळ कोरडा राही. अंगणात ख्रिस्ती घरापुढे क्रूस, तर हिंदू घरापुढे तुळशीवृंदावन असे. घराची मांडणी मात्र बहुतांशी सारखीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देशी नळीच्या कौलांची जागा मंगळुरी कौलांनी घेतली.

केळी, पानवेल व फुलझाडे यांच्या वाडीपासून हे घर वेगळे काढता येत नाही. वाडीतील विहीर, तिच्यावरील रहाट आणि पावसाचे पाणी साठवून भूजल टिकविणारे बावखल हे त्याच रचनेचे घटक होत. १८६० च्या दशकात लोहमार्ग आला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या वाढीचा भार या भागावर पडला व २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. जमिनीचे मोल वाढल्याने वाड्या विकल्या गेल्या, अनेक बावखले बुजविली गेली व जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहिल्या. वसईच्या किल्ल्यास केंद्र शासनाचे संरक्षण आहे. खाजगी मालकीच्या या घरांना ते नाही. त्यामुळे त्यांची मापे, आराखडे व छायाचित्रे यांची नोंद करून ठेवणे अगत्याचे आहे. कारण राज्यकर्त्यांची वास्तू तटामुळे टिकली, तरी कष्टकऱ्यांच्या राहणीचा इतिहास या घरांतच साठलेला आहे.