पराभवाचे कथन : जनरल स्लिम यांची ब्रह्मदेश मोहीम

विल्यम स्लिम (१८९१–१९७०) यांच्या युद्धकालीन कारकिर्दीचा विचार करताना त्यांनी लढलेले युद्ध आणि त्यांनीच पुढे लिहिलेले युद्ध यांत भेद करणे आवश्यक ठरते. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथे जखमी झालेला हा अधिकारी नंतर हिंदी सैन्यात, गुरखा पलटणीत, दाखल झाला. दोन युद्धांमधील काळात ‘अँथनी मिल्स’ या टोपणनावाने त्यांनी कथा लिहिल्या. हा लेखनाभ्यास पुढे उपयोगी पडला.

मार्च १९४२ मध्ये त्यांच्याकडे बर्मा कोअरचे नेतृत्व आले, ते माघारीसाठीच. सुमारे ९०० मैलांची ही माघार मे महिन्यात इंफाळच्या परिसरात संपली. ऑक्टोबर १९४३ पासून चौदाव्या सैन्याची उभारणी करताना त्यांनी हिवतापाचे निर्मूलन, विमानांद्वारे रसदपुरवठा आणि जंगलयुद्धाचे प्रशिक्षण यांना प्राधान्य दिले. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमा येथे जपानी आक्रमण मोडले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सांगशाक येथे झालेल्या लढाईत मराठा पलटणीची चौथी बटालियनही होती. मार्च १९४५ मध्ये मेकटिला आणि मंडाले ही शहरे स्लिम यांच्या सैन्याच्या हाती आली.

१९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ या ग्रंथाचा पहिला भाग पराभवाच्याच नावाने येतो. कोहिमावर शत्रू किती मोठे बळ आणील याचा आपला अंदाज चुकला, हे स्लिम त्यात मोकळेपणाने मान्य करतात. पानिपतचा पराभव सांगणाऱ्या ‘भाऊसाहेबांची बखर’शी येथे तुलना सुचते. सदाशिवरावभाऊ आपली बाजू मांडण्यास उरले नाहीत. त्यांचा पराभव इतरांनी सांगितला. स्लिम यांना मात्र पराभव स्वतः सांगता आला, कारण कथनाचा शेवट विजयात होणार हे लिहिण्यापूर्वीच ठरलेले होते. त्यांची कबुली प्रामाणिक आहे. परंतु ती विजेत्याला परवडणारी कबुली आहे.

याच रचनेची एक मर्यादाही आहे. चौदाव्या सैन्यात बहुसंख्य सैनिक हिंदी होते. ग्रंथात त्यांच्या शौर्याचा गौरव आढळतो, परंतु कथन सेनापतीच्याच दृष्टीने होते. समोरच्या बाजूने लढणाऱ्या आझाद हिंद फौजेला तर तेथे गौण स्थान आहे. या मोहिमेचे वाङ्मयीन मूल्यमापन करताना सेनापतीच्या प्रांजळपणाइतकेच या अनुच्चारित आवाजांकडेही लक्ष द्यावयास हवे.